लिहून न ठेवलेलं

आमच्या डिझाइनच्या लायब्ररीत, म्हणजे स्क्रीन बनवायच्या तयार तुकड्यांच्या साठ्यात, बटणाचे चार प्रकार होते आणि त्यातला तिसरा वापरायचा नाही, हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. का वापरायचा नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. कधीकाळी एका मोहिमेसाठी तो घाईत बनवला होता, कीबोर्डवरून त्याच्यापर्यंत पोचलं तरी फोकसची कड दिसायची नाही, आणि काही जुन्या स्क्रीनवर तो अजून अडकलेला असल्यामुळे लायब्ररीतून काढताही येत नव्हता. नवीन कोणी आलं की पहिल्या काही दिवसांतच शेजारी बसणारं कोणीतरी सांगायचं, "तो घेऊ नकोस." संपलं. यापलीकडे त्या नियमाला अस्तित्व नव्हतं. कुठल्याच पानावर तो लिहिलेला नव्हता.

मग आम्ही ती लायब्ररी एका एआय साधनाला जोडली. त्याने काढलेल्या सुरुवातीच्या स्क्रीनवरच तिसऱ्या प्रकारचं बटण अगदी दिमाखात बसलेलं. साधनाचा त्यात काही दोष नव्हता. चार प्रकार होते, चारही रीतसर प्रकाशित केलेले होते, नावं चौघांचीही सारखीच सभ्य होती. त्याच्या कानात सांगणारं शेजारी कोणी नव्हतं, एवढंच.

मी डिझाइन ऑप्समध्ये काम करते. एआयमुळे तुमच्याकडे काय बदललं, असं कोणी विचारलं की त्याला वेग, खर्च आणि नोकऱ्या यांबद्दल ऐकायचं असतं. त्याबद्दलही बोलता येईल. पण मला सगळ्यात आधी हे बटण आठवतं, कारण आमचं निम्मं काम लिहून न ठेवलेल्या गोष्टी सांभाळण्याचं होतं. आणि यंत्र वाचतं ते फक्त लिहिलेलं.

हे काम नेमकं काय असतं, ते मला जवळच्या माणसांनाही कधी धड सांगता आलेलं नाही, म्हणून थोडं मागे जाते. सॉफ्टवेअर बनवणारे आणि ते चालतं ठेवणारे यांच्यातली भिंत पाडायची, या विचाराने २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेबॉइस यांनी एक परिषद भरवली. 'डेव्हऑप्स' (डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्स) हे नाव तिथून पसरलं. डिझाइनच्या टीम मोठ्या व्हायला लागल्यावर तशीच गरज इकडेही भासू लागली. एअरबीएनबीसारख्या कंपन्यांनी त्यासाठी वेगळी माणसं नेमली, २०१७ मध्ये न्यूयॉर्कला या विषयावरची पहिली स्वतंत्र परिषद झाली आणि डिझाइन ऑप्स हे पदनाम हळूहळू रुळलं. डिझायनर चार-पाचच असतात तेव्हा यातलं काही लागत नाही, ते मान वळवून एकमेकांशी बोलतात. पन्नास झाले की कोण कशावर काम करतंय, शेवटची फाइल कुठली, नव्या माणसाला कशाकशाची लायसन्स द्यायची, संशोधनासाठी लोक कुठून आणायचे, त्यांची संमतिपत्रं कुठे ठेवायची, रिव्ह्यू कोणासमोर करायचा, इंजिनिअरांकडे काम सोपवताना काय काय जोडायचं, या सगळ्याला कोणीतरी लागतं. कपड्याच्या आतल्या शिवणीसारखं हे काम, उसवलं तरच लक्षात येणारं.

यातला रटाळ भाग यंत्राने उचलला आणि मला त्याचं तिळभरही दुःख नाही. बैठकीचं टिपण, तासाभराच्या मुलाखतीचं शब्दांकन, 'रेक्टँगल ८३' आणि 'फ्रेम ४२७' असल्या लेयरना माणसात येतील अशी नावं देणं, तोच जाहिरातफलक वीस आकारांत कापणं, कोणत्या साधनाची किती लायसन्स नुसती पडून आहेत ते शोधणं. हे काम गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी ते स्वतः फारसं केलेलं नसावं, असा मला दाट संशय आहे.

बदल दुसरीकडेच झाला, आणि तो लक्षात यायला वेळ लागला.

पूर्वी डिझाइनकडे पाहिलं की ते विचाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे न विचारता कळायचं. कागदावर पेनाने काढलेल्या चौकटी म्हणजे आजच सुचलेलं. राखाडी वायरफ्रेम, स्क्रीनचा नुसता सांगाडा, म्हणजे रचनेवर बोला, रंगावर नको. खरे रंग, खरा मजकूर, सावल्या, क्लिक केल्यावर सरकणारी पानं, म्हणजे बरंच काही ठरलेलं आहे आणि आता मोठा बदल सुचवायचा असेल तर तेवढं ठोस कारण घेऊन या. हा संकेत कोणी ठरवून दिला नव्हता. सफाईला वेळ लागायचा, आणि न पटलेल्या गोष्टीवर कोणी एवढा वेळ घालवत नसे, म्हणून सफाई म्हणजे विचार झाला, हे आपोआप जुळलेलं होतं. रिव्ह्यूला येणारा प्रत्येक जण ही भाषा वाचत होता आणि आपण काही वाचतोय याची त्याला जाणीवही नव्हती.

ते जुळणं तुटलं. २०२५ मध्ये फिग्माने, म्हणजे डिझायनर ज्यात स्क्रीन काढतात त्या साधनाच्या कंपनीने, 'मेक' आणलं. त्याच्या आगेमागे तशी बरीच साधनं आली होती. चार वाक्यं लिहा, चालतं प्रोटोटाइप मिळतं. आता प्रॉडक्ट मॅनेजर सकाळी अंघोळ करताना सुचलेली कल्पना दुपारच्या बैठकीला अशी घेऊन येतो की ती महिनाभर घासूनपुसून तयार केल्यासारखी दिसते. समोरचे लोक तिला त्याच मापाने मोजतात. वरिष्ठ विचारतात, "झालंच आहे की, मग सहा आठवडे कशाला?" इंजिनिअर त्यातल्या रिकाम्या अवस्थेबद्दल विचारतो. यादीत काहीच नसेल तर काय दिसेल? नेटवर्क गेलं तर? नाव फार लांब असेल तर? त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं, कारण तो प्रश्न अजून कोणाला पडलेलाच नव्हता. डिझायनर गप्प. त्याने बोलावं तर कामात खोडा घातल्यासारखं दिसतं.

यावर आमच्यासारख्यांना जे करावं लागलं ते ऐकायला फारच किरकोळ वाटेल. प्रत्येक कामावर चिठ्ठी लावायची: हे बोलण्यासाठी आहे, की तपासण्यासाठी, की बांधण्यासाठी. जे आधी नजरेला दिसत होतं ते आता अक्षरांत लिहावं लागतं. काही टीमनी तर यंत्राला मुद्दाम ओबडधोबड, राखाडीच काढायला सांगायला सुरुवात केली आहे, चित्राने लायकीपेक्षा जास्त भाव खाऊ नये म्हणून. मला हा उपाय चिठ्ठीपेक्षाही आवडतो. चिठ्ठी वाचली जाईलच असं नसतं, राखाडी रंग मात्र दिसतोच.

पर्यायांचंही तसंच झालं. डिझायनर तीन पर्याय आणायचा तेव्हा त्यामागे न आणलेले कितीतरी पर्याय असायचे, जे त्याने आपल्याच टेबलावर मारून टाकलेले होते. ते मारणं हेच तर काम होतं. आता बारा येतात, बाराही नीटनेटके, आणि मारायचं काम खोलीत बसलेल्या आठ माणसांवर पडतं. आठ माणसं मिळून मारत नाहीत, जोडतात: याचा वरचा भाग घ्या, त्याचा खालचा घ्या. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप कमी झाला नाही, वाढला; स्वस्त झालेली ताकद लोक आणखी ठिकाणी वापरायला लागले. स्क्रीनचं तेच झालंय. स्क्रीन काढणं स्वस्त झालं म्हणून स्क्रीनचं काम कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. पाहिलंय ते हे की निर्णयांची रांग लांबली आणि त्या रांगेत उभं राहायला माणसं तेवढीच आहेत. मग ऑप्सला आधी जी गर्दी 'कोण करणार' या दाराशी आवरावी लागायची, ती आता 'कोण ठरवणार' या दाराशी आवरावी लागते. आम्ही रिव्ह्यूला तीनपेक्षा जास्त पर्याय आणायचे नाहीत असा नियम केला. आणणाऱ्याने आधी स्वतः निवडायचं आणि बाकीचे का सोडले ते एका ओळीत लिहायचं. नियम अप्रिय आहे. पण त्या एका ओळी साठून साठून जो ऐवज तयार झालाय, तो बाराही पर्यायांपेक्षा मोलाचा निघाला.

आता पुन्हा लायब्ररीकडे.

डिझाइन सिस्टिम म्हणजे रंग, अंतरं, अक्षरांचे आकार, बटणं, फॉर्म यांचा साठा आणि ते वापरायचे नियम. यातल्या सगळ्यात लहान दाण्याला टोकन म्हणतात. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीत दशकभरापूर्वी ही कल्पना नावारूपाला आली. रंगाचा कोड जागोजागी लिहून ठेवण्याऐवजी त्याला एक नाव द्यायचं आणि सगळीकडे ते नाव वापरायचं. नाव दोन तऱ्हांनी देता येतं. 'निळा-५००' म्हटलं तर ते काय आहे ते कळतं. 'मुख्य कृती' म्हटलं तर ते कशासाठी आहे ते कळतं. माणसांच्या टीममध्ये पहिल्या तऱ्हेवर वर्षानुवर्षं भागतं, कारण निळा-५०० कुठे लावायचा हे सरावाने हाताला माहीत असतं. यंत्राला निळा-५०० दिला तर ते लिंकलाही लावतं, माहितीच्या पट्टीलाही लावतं आणि शीर्षकालाही लावतं, आणि त्याचं काही चुकलंय असं म्हणता येत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. एआयला बाहेरची साधनं आणि माहिती एका ठरावीक रीतीने जोडता यावीत म्हणून. पुढच्या वर्षी फिग्माने आपल्या फाइलींना तसं दार बसवलं. म्हणजे कोड लिहिणारा एआय आता डिझाइनचं चित्र बघून अंदाज बांधण्याऐवजी थेट फाइलीतली रचना, टोकनांची नावं आणि कंपोनंटची, म्हणजे बटणासारख्या तयार तुकड्यांची, वर्णनं वाचू शकतो. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या छत्राखालच्या सामुदायिक गटाने २०२५ च्या ऑक्टोबरात टोकनं लिहिण्याच्या सामाईक स्वरूपाची पहिली स्थिर आवृत्ती काढली, त्यामुळे एका साधनातली टोकनं दुसऱ्यात नेताना भाषांतराची जी कसरत करावी लागायची तीही कमी होईल. हे सगळं तांत्रिक वाटेल, पण त्याचा रोजच्या कामातला अर्थ साधा आहे: कंपोनंटच्या वर्णनाची जी चौकट आम्ही वर्षानुवर्षं रिकामी सोडत होतो, ती आता कोणीतरी खरोखर वाचतं.

त्यामुळे आम्ही लिहायला बसलो. काय आहे हे लिहिणं सोपं. कधी वापरायचं, हेही जमतं. कधी वापरायचं नाही, इथे पेन अडतं. पॉपअप कधी काढायचा नाही? तसं म्हटलं तर जवळजवळ कधीच नाही. पण हे वाक्य लिहिलं की कोणीतरी म्हणतं, खातं कायमचं बंद करायच्या आधी तर हवाच. बरोबर. मग ते लिहा. मग आणखी कोणी तरी म्हणतं, पैसे पाठवायच्या आधी? तिथून वाद सुरू होतो आणि वाद रंगल्यावर कळतं की खोलीतल्या तिघांच्या डोक्यात तीन वेगळे नियम होते आणि आजवर प्रत्येकाला वाटत होतं की आपण सगळे एकच नियम पाळतोय. लिहायला बसेपर्यंत हे मतभेद दिसले नव्हते, कारण स्क्रीन वेगवेगळ्या होत्या, वेगवेगळ्या माणसांनी केल्या होत्या आणि जो तो आपल्या जागी खूश होता.

मला या सगळ्यात एक गोष्ट मात्र बोचते. नवीन येणाऱ्या डिझायनरांनी हे कागद किती वेळा मागितले होते! 'कुठे लिहिलंय का हे?' हा प्रश्न ऑनबोर्डिंगच्या प्रत्येक अभिप्रायात असायचा. तेव्हा आमचं ठरलेलं उत्तर होतं, कामाचा ताण आहे, पुढच्या तिमाहीत बघू. माणसं अडखळत, विचारत, लाजत शिकली. यंत्र अडखळायला लागलं तेव्हा मात्र त्याच कामाला वेळ निघाला, माणसं निघाली, वरून पाठिंबा मिळाला. दस्तऐवज झाले हे उत्तमच. पण माणसाच्या अडचणीला जे वजन मिळालं नाही ते यंत्राच्या अडचणीला मिळालं, हे मी विसरायला तयार नाही.

लायब्ररीतल्या ढिलाईची किंमत केवढी असू शकते, याचा एक जाहीर दाखला आहे. २०२४ च्या जूनमध्ये फिग्माने 'मेक डिझाइन्स' नावाची सोय दाखवली; वर्णन लिहा, स्क्रीन मिळवा. थोड्याच दिवसांत एका डिझायनरने हवामानाचं ॲप मागून पाहिलं, तर ॲपलच्या हवामान ॲपशी कमालीचं साम्य असलेलं काहीतरी पुन्हा पुन्हा येत होतं. कंपनीने सोय मागे घेतली. सगळ्यांना वाटलं, इतरांच्या डिझाइनवर मॉडेल शिकवलं असणार. कंपनीने दिलेलं स्पष्टीकरण वेगळं होतं. मॉडेल बाजारात मिळणारीच होती. त्यांना जी डिझाइन सिस्टिम हाताशी दिली होती, तिच्यात शेवटच्या काही दिवसांत नवे कंपोनंट आणि नमुन्याच्या स्क्रीन भरल्या गेल्या, आणि त्या पुरेशा बारकाईने तपासल्या गेल्या नाहीत. काही महिन्यांनी ती सोय वेगळ्या नावाने परत आली. या प्रकरणाची चर्चा झाली ती 'एआय चोरी करतं का' अशी. मला मात्र त्यात दिसतो तो आमच्याच कामाचा ओळखीचा चेहरा: मुदत तोंडावर आलीय, लायब्ररीत कोणीतरी काहीतरी टाकलंय, आणि ते तपासायचं कोणाच्या यादीत नव्हतं.

नियमांची दुसरी बाजू तर आणखी कोरडी आहे, पण ती ऑप्सच्याच गळ्यात पडते. कोणती माहिती कोणत्या साधनात चिकटवायची नाही? २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा साधनांवर बंदीच घातली. तेव्हापासून हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. डिझाइनमध्ये तो कोडपेक्षा अवघड आहे, कारण आमच्याकडे मुलाखती असतात. एखादी बाई आपल्या आजारपणाबद्दल, कर्जाबद्दल बोललेली असते. तिने संमती दिली तेव्हा 'आमची टीम हे ऐकेल' एवढंच तिला सांगितलं होतं. तो आवाज सारांशासाठी बाहेरच्या साधनाकडे पाठवणं त्या संमतीत बसतं का? मी संमतिपत्र बदलून घेतलं आणि जुन्या मुलाखती बाहेर पाठवायच्या नाहीत असं ठरवून टाकलं. त्यामुळे कित्येक तासांचं ध्वनिमुद्रण अजूनही माणसांनीच ऐकावं लागतं. लागू द्या.

आणि एआयनेच तयार केलेले कृत्रिम वापरकर्ते? त्यांना प्रश्न विचारून संशोधन झालं म्हणणारी मंडळी भेटतात. प्रश्नावली घासून बघायला, कुठला प्रश्न दुहेरी आहे ते पकडायला ठीक आहे. पण खरा माणूस मध्येच फोन घेतो, बटण दिसत असून दाबत नाही, 'सोपं आहे' म्हणतो आणि तिथेच अडकतो. कृत्रिम माणूस फार समजूतदार असतो. त्याच्यावर मी एकही निर्णय टेकवणार नाही.

तपासणीचं काम निम्मं यंत्राकडे जाऊ शकतं आणि जावं. अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजीच्या नियमानुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट हवा. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीने बोटाने दाबायच्या जागेलाही साधारण २४ बाय २४ पिक्सेलची किमान मर्यादा घातली. हे मोजायला माणूस कशाला? पण चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवला जाणारा पर्यायी मजकूर योग्य आहे का, एरर वाचून माणसाला पुढे काय करायचं ते कळेल का, हे मोजमापाच्या बाहेरचं आहे. गंमत अशी की यंत्र आता पर्यायी मजकूरही लिहून देतं, व्याकरणशुद्ध, आणि पुष्कळदा निरुपयोगी. बटणावरच्या भिंगाच्या चित्राला 'गोल काच आणि दांडा असलेलं भिंग' असं नाव देऊन ते मोकळं होतं. ऐकणाऱ्याला हवा असतो एकच शब्द, 'शोधा'. चौकट भरलेली असल्यामुळे तपासणीचं साधन हिरवी खूण करतं. रिकामी चौकट निदान रिकामी दिसायची.

आता ज्या गोष्टी लिहिताच येत नाहीत, किंवा लिहू नयेत, त्यांच्याबद्दल.

दर आठवड्याला मी प्रत्येक डिझायनरला कामाची स्थिती विचारायची. तक्त्यात भरण्यासाठी. हा प्रकार कोणालाच आवडत नसे, मलाही नाही. आता टिकिटं (एकेका कामाच्या नोंदी), फाइलींमधले बदल आणि चॅट वाचून एआय तो तक्ता भरतं, आणि माझ्यापेक्षा अचूक भरतं. पण त्या विचारण्याच्या निमित्ताने आणखी काय चालत होतं ते तक्त्यात कधीच नव्हतं. "होतंय, होईल" असं कोणी म्हणालं आणि 'होईल'च्या आधी जरा थांबलं, की मी तिथेच बसायची. मग निघायचं की इंजिनिअरिंगच्या प्रमुखाशी त्याचं जमत नाहीये, किंवा घरी काहीतरी बिनसलंय, किंवा या कामाचं मूळ गृहीतकच त्याला पटलेलं नाही आणि ते कोणाला सांगायचं हे कळत नाहीये. यातलं काही मी कुठे नोंदवत नसे. दोन फोन करायचे, एखादी तारीख सरकवायची, कोणाला तरी कोणाबरोबर जेवायला बसवायचं. काम पुढे जायचं आणि का गेलं ते कोणाला कळायचं नाही.

तक्ता आता आपोआप भरतो आणि माझ्याकडे विचारायचं निमित्त उरलेलं नाही. नुसतंच "कसं चाललंय?" म्हणून गेलं तर लोक सावध होतात, ऑप्सवाली विनाकारण का आली? साधनाच्या सारांशात सगळं वेळेवर असतं, कारण टिकिटं वेळेवर सरकत असतात. न पटलेलं कामही टिकिटावर सरकतंच. त्यावर एका विक्रेत्याने मला असं सुचवलं होतं की चॅटमधल्या भाषेवरून लोकांची मनःस्थिती ओळखणारी सोयही त्यांच्याकडे आहे. मी नको म्हटलं. त्या थांबण्याची नोंद व्हायला लागली की लोक थांबायचे बंद होतील.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक शोधनिबंध लिहिला. कारखान्यांच्या नियंत्रणकक्षांबद्दलचा. त्यांचं म्हणणं असं की यंत्र सोपं सोपं काम घेतं आणि माणसाकडे देखरेख आणि अडचणीच्या वेळी हस्तक्षेप एवढं ठेवतं. पण तो हस्तक्षेप करायला लागणारं कौशल्य रोजच्या सोप्या कामातूनच टिकत असतं, आणि तेच तर काढून घेतलेलं असतं. आमच्याकडे हे शिकाऊ डिझायनरांच्या बाबतीत लख्ख दिसतं. तीच स्क्रीन वेगवेगळ्या आकारांत बसवताना, एकच आयकॉन पुन्हा पुन्हा जुळवताना त्यांची नजर बनायची. ते काम आता त्यांच्यापर्यंत येतच नाही. त्यांच्यासमोर येतात ते तयार बारा पर्याय, आणि त्यातलं बरं कोणतं ते ओळखायची अपेक्षा. जे कधी हाताने बिघडवलेलं नाही ते बरं की वाईट हे कशावरून ओळखायचं? आम्ही शिकाऊ लोकांसाठी काही कामं मुद्दाम एआयशिवाय ठेवली आहेत. ती जास्त वेळ खातात आणि दर तिमाहीला मला त्यांची बाजू मांडावी लागते. ती बाजू आकड्यांत मांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

कारण वरून प्रश्न येतो तो आकड्यांचाच. किती तास वाचले? मी सुरुवातीला प्रामाणिकपणे तास मोजले. सारांशात वाचलेले, आकार बदलण्यात वाचलेले, शोधण्यात वाचलेले. बेरीज घसघशीत निघाली. मग पुढचा प्रश्न अर्थातच आला: तर मग माणसं किती कमी करता येतील? वाचलेले तास गेले कुठे, हे दाखवायला दुसरा तक्ता करावा लागला, निर्णयांच्या रांगेचा. एखादा प्रश्न उपस्थित झाल्यापासून त्यावर कोणीतरी 'हो' किंवा 'नाही' म्हणेपर्यंत किती काळ जातो. करण्याचा काळ आखडलेला होता, ठरवण्याचा फुगलेला. हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर खोलीतली चर्चा जरा बदलली. फार नाही. जरा.

त्या दुसऱ्या तक्त्यासाठी आम्ही निर्णयनोंदीचा एक साधा नमुना केला आहे. काय ठरलं, का ठरलं, काय सोडलं, आणि कोणी ठरवलं. पहिले तीन रकाने लोक आता एआयकडूनच भरून घेतात, बैठकीच्या टिपणावरून, आणि माझी त्याला हरकत नाही. ते वाचून दुरुस्त करता येतात. चौथ्या रकान्यात साधन 'टीमचा एकमताने निर्णय' असं लिहायला लागलं. बैठकीत कोणी विरोध केला नाही की त्याला एकमत दिसतं. मी तो रकाना त्याच्यासाठी बंद करून घेतला आहे. तिथे माणसाने आपलं नाव स्वतः टाइप करायचं, नाहीतर नोंद पुढे सरकत नाही.

दोन वरिष्ठ डिझायनरांना हे मुळीच मान्य नाही. त्यांचं म्हणणं, नाव लिहायला लावलं की लोक धाडसी निर्णय टाळतील, सुरक्षित तेच करतील, आणि काही गोष्टी खरोखरच कोणा एकाच्या नसतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्यांना सांगितलं की सध्या दोन नावं चालतील, आठ चालणार नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा बसणार आहोत.